‘कधीच न उघडलेलं’ घड्याळ

“आजोबांचं घड्याळ आहे. कपाटात पडून होतं, आजवर कुणी उघडलेलंसुद्धा नाही.” विकणाऱ्याचं हे बोलणं मला इतकं गोड लागलं की पुढचे सगळे प्रश्न मी गिळले. ओमेगा कंपनीचं चावीचं सीमास्टर, सहाच्या जागी सेकंदाची छोटी चकती. एवढं जुनं घड्याळ आणि तबकडी अशी, जणू कालच खोक्यातून काढली. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. मी मात्र हरखलो.

फोटो चार, चारही तिरपे, ओरखडे पडलेल्या काचेतून काढलेले. तबकडीचा जवळून, समोरून एक फोटो मागितला तर म्हणे कॅमेरा बरा नाही. असेल बुवा, म्हटलं आणि पैसे पाठवले. घड्याळ आलं, चाललं, मी महिनाभर मिरवलं. परत करायची मुदत त्या मिरवण्यात संपली.

मग चावी देताना खरखर जाणवायला लागली म्हणून साफसफाईला घड्याळजींकडे दिलं. मागचं झाकण काढून त्यांनी त्याची आतली बाजू माझ्यासमोर धरली. सुईने कोरल्यासारख्या बारीक खुणा, वेगवेगळ्या हातांच्या. दुरुस्तीला आलेल्या घड्याळावर कारागीर अशी आपली खूण करून ठेवतात. न उघडलेलं घड्याळ निदान चौघांनी उघडलं होतं!

मशीन मात्र अस्सल निघालं. कॅलिबर (म्हणजे मशीनचं मॉडेल) २६७, १७ ज्युएल (चाकांचे आस टेकतात ते खडे), त्यावरचा क्रमांक १ कोटी ६० लाखांच्या घरातला, म्हणजे साधारण १९५८ चं. “आता तबकडी बघा,” म्हणून त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

सर्वांत खाली ‘स्विस मेड’ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ‘टी’. हा टी ट्रिटियमचा, म्हणजे रेडियमनंतर आलेल्या चमकणाऱ्या द्रव्याचा. १९५०च्या दशकात अंधारात चमकण्यासाठी रेडियम वापरत. टीची खूण आली १९६०च्या दशकात. मी लगेच उसळलो, तर घड्याळजींनी थांबवलं. कंपनीनेच पुढे कधी दुरुस्तीत तबकडी बदलली असेल तर टी असू शकतो, एवढ्यावर निकाल देऊ नका, म्हणाले. पण कंपनीची छपाई अशी नसते. नीट छापलेल्या अक्षराची कड भिंगाखालीही धारदार दिसते, शाई किंचित उठून असते. माझ्या घड्याळावर ‘सीमास्टर’ची वळणदार अक्षरं ओल्या कागदावर लिहिल्यासारखी फुगलेली होती. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांसमोर नेमक्या येत नव्हत्या. दोनपासून सरकत सरकत चारपर्यंत चांगल्याच तिरक्या झालेल्या. सेकंदाच्या चकतीतली बारीक वर्तुळं लाखेने बुजली होती. तबकडी बाहेर काढल्यावर कडेला, एरवी घड्याळाच्या कवचाखाली झाकली जाते तिथे, कानशीने पाडलेली खाच दिसली. जुनी तबकडी पुन्हा रंगवणारे छपाईच्या वेळी तबकडी सरळ बसावी म्हणून अशी खाच पाडतात.

शेवटी दिवा मालवून टॉर्च मारला. तबकडीवरचे ठिपके बराच वेळ हिरवे चमकत राहिले, काटे लगेच काळे. जुना चमकणारा रंग इतक्या वर्षांत थकलेला असतो, तो असा उजळत नाही. हे घरबसल्या, झाकण न उघडता मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. जाऊ दे.

तबकडी रंगवणं हा काही गुन्हा नाही. पाणी शिरून डागाळलेली तबकडी पूर्वी सर्रास रंगवून घेत, घड्याळ वापरायचं असे ना. तसं सांगून, त्या भावात कुणी दिलं असतं तर मी आनंदाने घेतलंही असतं. मी पैसे मोजले होते ‘ओरिजिनल’ या शब्दाचे. विकणाऱ्याला फोटोंसकट लिहिलं. उत्तर आलं, “रिस्टोअर केलंय, त्यात वाईट काय?” आजोबा, कपाट, सगळं एका ओळीत गायब. दुसऱ्या निरोपानंतर त्याने मला ब्लॉक केलं.

पुन्हा रंगवून घेण्याचा विचार सोडून दिला. त्यासाठी ही तबकडी धातूपर्यंत खरवडावी लागणार आणि मूळ छपाई तर केव्हाच गेलेली. काट्यांवरचा तपकिरी थर घड्याळजींनी मला हात लावू दिला नाही. रेडियम असेल तर त्याची चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, निम्मा व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. खरवडलेली भुकटी श्वासातून आत गेली तर धोका. म्हणून मशीन तेवढं साफ करून घेतलं. त्या काळची, डागाळलेली का होईना, खरी तबकडी मिळाली तर बघू.

परवा त्याच माणसाने आणखी एक घड्याळ विक्रीला लावलेलं दिसलं. कंपनी वेगळी. फोटो तिरपे, तबकडी लख्ख, आजोबा तेच.