तांब्याचे म्हणून घेतलेले बारा ट्रान्सफॉर्मर

हे लिहिताना मला राग जितका येतो आहे, तितकीच लाजही वाटते आहे. अठ्ठावीस वर्षे तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत निर्देशक म्हणून काढलेल्या माणसाने ट्रान्सफॉर्मरच्या खरेदीत फसावे, यासारखी नामुष्की नाही. तरीही लिहितो, कारण सुट्टीत पोरांना पॉवर सप्लाय (घरच्या विजेपासून कमी व्होल्टची डीसी वीज देणारे यंत्र) बांधायला शिकवणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत आणि आता तेही माल फोनवरच मागवतात.

निवृत्तीनंतर मी साताऱ्यात घरीच शनिवार-रविवारी आयटीआयच्या मुलांना शिकवतो. या वेळी बारा मुले होती आणि प्रत्येकाने अधिक १२ आणि उणे १२ व्होल्टचा दुहेरी सप्लाय स्वतः बांधून घरी न्यायचा, असे ठरले होते. मांडणी सर्वांच्या ओळखीचीच आहे : १२-०-१२ चा, म्हणजे मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा व्होल्ट देणारा, तीन ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर, मधली तार शून्य म्हणून धरायची, चार डायोडचा ब्रिज, दोन्ही बाजूंना ४७०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा एकेक कपॅसिटर, मग ७८१२ आणि ७९१२ हे रेग्युलेटर, म्हणजे अनुक्रमे अधिक आणि उणे १२ व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या चिप. साहित्यासाठी मी प्रत्येकाकडून ६०० रुपये घेतले. एकूण ७,२०० झाले.

पूर्वी मी अशा खरेदीसाठी स्वतः मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जात असे, दहा दुकाने पालथी घालत असे आणि ट्रान्सफॉर्मर हातात तोलल्याशिवाय पैसे काढत नसे. या वेळी गुडघ्यांनी असहकार पुकारला. एका ओळखीच्या मेकॅनिकने एका व्यापाऱ्याचा नंबर दिला. व्यापारी अत्यंत गोड बोलला. “काका, शंभर टक्के तांब्याचे वाइंडिंग, तुम्हाला काय सांगायचे,” हे त्याचे शब्द होते. वाइंडिंग म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या आतले तारेचे वेढे. तुम्हाला काय सांगायचे, या वाक्याने माझ्यासारख्या म्हाताऱ्या मास्तराची छाती फुगते, हे त्याला चांगलेच ठाऊक असणार.

हिशेब असा होता : ट्रान्सफॉर्मर १२ नग, प्रत्येकी ४४० प्रमाणे ५,२८० रुपये, कपॅसिटर २४ नग, प्रत्येकी ३८ प्रमाणे ९१२ रुपये, रेग्युलेटर २४ नग, प्रत्येकी १४ प्रमाणे ३३६ रुपये, कुरियर ४८० रुपये. एकूण ७,००८. पक्के बिल हवे असेल तर वर १८ टक्के जीएसटी, असे त्याने सांगितले. मालाच्या ६,५२८ रुपयांवर तो १,१७५ रुपये होत होता आणि मुलांच्या पैशांत तो बसत नव्हता, म्हणून मी कच्च्या पावतीला होकार दिला. हे चुकीचेच होते. पण मी काही स्वतःच्या खिशासाठी कर वाचवत नव्हतो, हेही ध्यानात घ्यावे. पैसे यूपीआयने पाठवताना पडद्यावर दुकानाचे नाव न येता एका भलत्याच व्यक्तीचे नाव आले. “भाच्याचे खाते आहे,” असे त्याने सांगितले आणि मी पिन टाकला. जिथे दुकान एकाचे आणि खाते दुसऱ्याचे, तिथे थांबावे, हे मीच इतरांना किती वेळा सांगितले असेल!

परंतु मला सर्वांत जास्त छळतो तो पुढचा क्षण. कुरियरचा मुलगा खोके घेऊन जिना चढून आला आणि त्याने ते एका हाताने उचलून टेबलावर ठेवले. खोक्यावर चिकटवलेल्या पावतीवर वजन छापलेले होते : १०.४ किलो. माझ्या फळीवर त्याच क्षमतेचा एक जुना, खात्रीचा ट्रान्सफॉर्मर पंधरा वर्षे पडून आहे आणि त्याचे वजन १ किलो ३५० ग्रॅम आहे. त्या हिशेबाने नुसते बारा ट्रान्सफॉर्मरच सोळा किलोंच्या वर भरायला हवे होते. मी ती पावती वाचली. चष्मा लावून वाचली. “हल्ली गाभ्याचा पत्रा सुधारला असेल, त्यामुळे वजन कमी झाले असेल,” अशी स्वतःचीच समजूत काढली आणि खोके फोडले. त्यानंतर एकेक नग मल्टिमीटरने तपासला, तर प्रत्येक बाजूला १३.६ व्होल्ट दाखवले. भाराशिवाय, म्हणजे काही जोडलेले नसताना, कोणताही भुक्कड ट्रान्सफॉर्मर चांगलाच दिसतो, हे पहिल्याच तासाला शिकवणाऱ्या माणसाने तेवढ्यावर समाधान मानले.

पहिला सप्लाय एका मुलाने रविवारी दुपारी पूर्ण केला आणि त्यावर टीडीए २०३० या चिपचा छोटा ॲम्प्लिफायर लावला. आवाज थोडा वाढवताच गाण्याखाली घुंऽऽ असा घोगरा सूर ऐकू येऊ लागला. मी त्या मुलावर, सर्वांदेखत, चिडलो. ७९१२ च्या पायांचा क्रम ७८१२ सारखा नसतो आणि त्याची धातूची पाठ शून्याला जोडलेली नसून इनपुटला जोडलेली असते, त्यामुळे दोन्ही एकाच हीटसिंकवर (उष्णता घालवणाऱ्या धातूच्या पट्टीवर) मध्ये वीजरोधक अभ्रक न ठेवता बसवले की घोळ होतो. तेच याने केले असणार, असे मी गृहीत धरले. त्याने निमूटपणे सगळे उलगडून दाखवले. अभ्रक जागेवर होता, पाय बरोबर होते, सोल्डर माझ्यापेक्षा सुबक होते. पुढच्या रविवारी मी त्याची माफी मागितली, पण त्या दिवशीचा त्याचा चेहरा काही पुसला जात नाही.

मग मी एका बाजूला १२ ओहमचा जाड रोध लावून भार दिला. १३.६ चे १०.४ व्होल्ट झाले आणि वीस मिनिटांत पत्र्याला हात लावता येईना. वॉर्निशचा वास खोलीभर पसरला. वजनकाट्यावर नग ठेवला तर ७९० ग्रॅम भरला. शेवटी एक ट्रान्सफॉर्मर फोडला आणि आतली तार ब्लेडने खरवडली. लालसर तांबे दिसायला हवे होते, तिथे पांढरी चमक आली. ॲल्युमिनियम! त्याचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक असतो आणि वजन तर तेवढ्याच आकारात तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. त्यातून पत्र्याचा गाभाही लहान होता. चिठ्ठी तेवढी तीन ॲम्पिअरची होती.

कपॅसिटरची गंमत तर त्याहून वाईट होती. ४७०० छापलेला नग मीटरवर १,०२० दाखवत होता. मी तो शिकंजात धरून हॅकसॉने कापला, तेव्हा मोठ्या डब्याच्या पोटात, कागदाच्या वळकटीत गुंडाळलेला, एक बोटभर छोटा कपॅसिटर निघाला. अर्धा ॲम्पिअर भाराला १,००० मायक्रोफॅरडवर लहर, म्हणजे डीसी व्होल्टमधला चढउतार, जवळपास पाच व्होल्टची होते, आणि ७८१२ ला इनपुट किमान चौदा व्होल्ट तरी लागते. घुंऽऽ आवाज येणार नाही तर काय! सगळ्या मालात अस्सल निघाले ते फक्त चौदा रुपयांचे रेग्युलेटर.

व्यापाऱ्याला फोन केला. “काका, तांब्याचा आजचा भाव बघितलात का? ४४० मध्ये तांबे कुठे मिळते?” असे तो मलाच म्हणाला. म्हणजे चूक माझ्याच अडाणीपणाची. दुसऱ्या दिवसापासून नंबर ब्लॉक.

यापुढची वणवण सांगावी तितकी थोडी आहे. बँकेत सांगितले गेले की पिन तुम्ही स्वतः टाकला, आम्ही काय करणार. पोलीस चौकीत मी फोडलेला ट्रान्सफॉर्मर, कापलेला कपॅसिटर आणि वजनकाट्याचे फोटो टेबलावर मांडले, हवालदार साहेबांनी कपॅसिटर उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “वस्तू मिळाली ना? मग ही दिवाणी बाब झाली.” पूर्वीचे चारशे वीस आता भारतीय न्याय संहितेत तीनशे अठरा झाले, एवढी माहिती मात्र त्यांनी आवर्जून दिली. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेणाऱ्यांनी माल पोहोचल्याचे ऐकून हात झटकले. वजनमापांशी संबंधित एका कार्यालयात तर “तुम्ही ट्रान्सफॉर्मर किलोवर घेतला होता का?” असा प्रश्न आला आणि शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या. आणखी एका खिडकीवर, मुलांकडून पैसे घेता म्हणजे तुम्ही ग्राहक नव्हे, व्यावसायिक आहात, असे ऐकवले गेले. दर महिन्याला पेन्शनमधून भर घालून शिकवणारा मी व्यावसायिक, आणि भाच्याच्या खात्यावर पैसे घेणारा तो सुखात! चार कार्यालये, सहा फेऱ्या, रिक्षाभाड्याचे ३४० रुपये. प्रत्येक ठिकाणी शेवटी एकच प्रश्न यायचा : पक्के बिल कुठे आहे?

तेव्हा जीएसटीचे ते १,१७५ रुपये भरा आणि पक्के बिल घ्या. बिलावर “तांब्याचे वाइंडिंग, ३ ॲम्पिअर” असे शब्द लिहून घ्या, कारण त्यांच्याविना जिल्हा ग्राहक आयोगात उभे राहणे कठीण. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, पण कागद लागतोच. सगळ्या मालाचे पैसे देण्याआधी एक नग मागवून त्याच्यावर पूर्ण भार टाका आणि अर्धा तास बघत बसा. पहिल्यांदा वीज देताना सिरीजमध्ये, म्हणजे विजेच्या त्याच तारेत, बल्ब ठेवाच; काही चुकले असेल तर तो उजळतो. कपॅसिटर वजनाला हलका वाटला तर एक कापून बघा, अडतीस रुपये वाया गेले तरी चालतील.

मुलांसाठी नवे ट्रान्सफॉर्मर मी मुलाला मुंबईला पाठवून आणवले. काट्यावर तोलून, करासह प्रत्येकी ६२० प्रमाणे ७,४४० रुपये, आणि कपॅसिटर १,३२० रुपयांचे. हे ८,७६० माझ्या खिशातून गेले. जुन्यांपैकी फोडलेला एक नग पुरावा म्हणून खणात ठेवला आहे. उरलेले अकरा भंगारवाल्याला दाखवले. त्याने खिळ्याने एका तारेला ओरखडा मारला, एकदाच पाहिले आणि म्हणाला, “मास्तर, हे ॲल्युमिनियम आहे, तांब्याचा भाव नाही मिळायचा.” तीस रुपये किलोने त्याने २६० रुपये दिले.