शिक्षकांचे वाचन की ध्वनिमुद्रण?

इंदूरच्या मराठी घरांतील मुलांना इंग्रजी ऐकण्याचा सराव देताना शिक्षकांनी उतारा वाचून दाखवावा की ध्वनिमुद्रण लावावे? शिक्षक चेहरे पाहून वेग कमी करतात, अडलेले वाक्य पुन्हा म्हणतात. लहान वर्गांना तेच बरे, मात्र त्यामुळे प्रत्येक शब्द सुटा ऐकण्याची सवय लागते. सहज संभाषणाच्या ध्वनिमुद्रणात ‘वॉन्ट टू’चे ‘वॉना’ होते, ‘अँड’चा जेमतेम ‘न्’ उरतो आणि दात-ओठांचा ‘व्ही’ व ओठ गोल करून म्हटलेला ‘डब्ल्यू’, ज्यांना आपण बोलताना बहुधा एकाच ‘व’मध्ये कोंबतो, वेगळे ऐकू येतात. म्हणून वरच्या वर्गांसाठी माझा कौल ध्वनिमुद्रणाला आहे. फक्त छापील उतारा शेवटी द्यावा, कारण तो आधी हाती पडला की मुले ऐकत नाहीत, वाचतात.