नागपूर ते ठाणे, ४६ खोकी: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

नोव्हेंबर २०२५मध्ये आम्ही नागपूरचं घर सोडून ठाण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. सामान म्हणजे ४६ खोकी, फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन पलंग आणि बाबांचा कूलर. बाबा म्हणजे माझे सासरे. शेवटचं खोकं गेल्या आठवड्यात उघडलं, म्हणून आता लिहायला बसले. सामान उतरलं त्याच दिवशी लिहिलं असतं, तर दोन कप फुटले एवढंच सांगता आलं असतं. खोकी कशी भरली होती ते खरं कळतं उघडताना, आणि ते उघडणं महिनोन्‌महिने चालतं.

आधी खोक्यांबद्दल. आम्ही पाच प्लायची, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याची, घेतली आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर तीच घेईन. तीन प्लायची स्वस्त पडतात, पण ती कपड्यांपुरती ठीक. भांडी-पुस्तकं भरली की उचलताना त्यांचं बूड सुटतं. पुस्तकं लहान खोक्यात, उशा-पांघरुणं मोठ्या खोक्यात, हा नियम घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ करायला लावा. आमच्याकडे एक मोठं खोकं मुलीने हौसेने पुस्तकांनी गच्च भरलं. ते तिघांनाही हललं नाही, आणि ट्रक खाली उभा असताना सगळं उपसून चार खोक्यांत भरावं लागलं.

तरीही माझं ठाम मत असं की खोकं कशाचं आहे यापेक्षा त्यावर काय लिहिलंय ते जास्त महत्त्वाचं. हे आम्हाला ‘गंज’ने शिकवलं.

आमच्याकडे विदर्भात पातेल्याला गंज म्हणतात. सासूबाईंनी स्वयंपाकघरातलं एक खोकं स्वतः भरलं आणि त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं ‘गंज’. नागपुरात भरणाऱ्या मुलांना त्यात वेगळं काही वाटलं नाही. ट्रक समृद्धी महामार्गाने आमणेपर्यंत आणि तिथून ठाण्यात आला. उतरवायला मात्र इथली मुलं होती. त्यांनी गंज वाचलं आणि लोखंडावर चढतो तो गंज समजले. घरात घाण नको, या चांगल्या हेतूने त्यांनी ते खोकं थेट बाल्कनीच्या कोपऱ्यात, फेकायच्या पुठ्ठ्यांच्या ढिगामागे नेऊन ठेवलं.

इकडे नव्या घरात दूध उतू घालायचं होतं. सासूबाई दूध हातात घेऊन उभ्या आणि गंज सापडेना. स्वयंपाकघराची अकरा खोकी उघडून झाली. मुलांना विचारलं, “भाऊ, गंजाचं खोकं पाहिलं का?” तर त्यातला एक म्हणाला, “ताई, ते भंगार ना? बाहेर ठेवलंय.” सासूबाईंचा चेहरा मी विसरणार नाही. मग त्यांनी त्याला शांतपणे बसवून गंज म्हणजे काय ते समजावलं, आणि तोही मोठ्याने हसला.

गोष्ट इथे संपली नाही. नागपूरचा सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत परत करून आम्ही कनेक्शन बंद केल्याचं व्हाउचर घेतलं होतं. इथलं कनेक्शन मिळायला काही दिवस होते, म्हणून इंडक्शन शेगडी आणली होती. गंज जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. शेगडी नुसती टीं-टीं करत राहिली, दूध गारच. इंडक्शनवर चुंबक चिकटेल असंच बूड लागतं. पितळ, तांबं, जर्मन यातलं काही चालत नाही. मुलगी फ्रिजवरचं चुंबक घेऊन भांड्याभांड्याला लावत फिरली. शेवटी ३१ नंबरच्या खोक्यातल्या स्टीलच्या कुकरला ते चिकटलं. आमच्या नव्या घरातलं पहिलं दूध कुकरमध्ये उतू गेलं, रात्री पावणेदहाला, आणि सासूबाईंनी त्या कुकरलाही हळदीकुंकू लावलं. गॅस लगेच मिळणार नसेल तर चुंबक लागणारं एक भांडं, चहाची गाळणी, साखर-पत्ती आणि कटर स्वतःच्या हातातल्या पिशवीत ठेवा. ट्रकात देऊ नका.

खोक्यांवर नंबर घालून वहीत यादी करण्याची पद्धत मी ३० नंबरपासून सुरू केली. आधीच्या खोक्यांवर ‘किचन’, ‘बेडरूम’, ‘इतर’ असं लिहिलं होतं. ३० ते ४६ मधली हवी ती वस्तू आम्हाला पाच मिनिटांत मिळायची. ‘इतर’ लिहिलेली सात खोकी मात्र मार्चपर्यंत चालली. वहीच्या पानांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकून ठेवले होते, त्यामुळे प्रत्येकाला शोधता आलं. यादीत वस्तूचं नाव पूर्ण लिहा, आणि दुसऱ्या जिल्ह्यात जात असाल तर तिथल्या माणसाला कळेल असं लिहा.

भरणारी मुलं कामाला फार चपळ होती. त्यांच्या हाताखाली येईल ते गुंडाळलं जात होतं, आणि त्यात ओट्याखालची कचऱ्याची बादलीही गेली. आत सकाळचा चहाचा चोथा आणि कांद्याची सालं. बबल रॅपचे दोन थर, वर टेप, खोक्यावर ‘सांभाळून’. दोन दिवसांनी उघडली तेव्हा आम्ही सगळे एकदम गॅलरीत पळालो. तेव्हापासून प्रत्येकाला सांगते, एक खोली आधीच रिकामी करून तिच्या दाराला ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी लावा. ज्या वस्तू बांधायच्या नाहीत त्या सगळ्या तिथे ठेवा.

बबल रॅप मात्र खरोखर गुणाचं. फुगे वस्तूच्या बाजूला येतील असं गुंडाळायचं. बाकी सगळे कप तसेच गुंडाळले होते, शाबूत राहिले. फुटले ते दोन वर्तमानपत्रात बांधले होते. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या बशांना लागते, तीही घासत बसावी लागली. पण त्या कागदांचा एक उपयोग मी आधी धरलाच नव्हता. बाबा प्रत्येक बोळा उलगडायचे, मांडीवर ठेवून हाताने सरळ करायचे आणि वाचायचे. नागपूरच्या जुन्या बातम्या, तिथल्या दुकानांच्या जाहिराती, कुणाच्या तेराव्याची सूचना. एका खोक्याला दीड तास लागायचा. सुरुवातीला मी घाई करत होते, मग घाई करणं सोडून दिलं. चाळीस वर्षांचं शहर सोडून आलेल्या माणसाला ते कागद हवे होते. बावीस पानं त्यांनी घडी घालून उशाशी ठेवली आहेत.

कूलर आणायचा हट्टही त्यांचाच. ठाण्याच्या दमट हवेत कूलर चालत नाही. कोरड्या हवेत पाणी उडून जाताना गारवा येतो, इथे हवेत आधीच इतकं पाणी की खोली नुसती चिकट होते. मेमध्ये दोन दिवस लावून पाहिला आणि बंद केला. पण येताना त्याच्या रिकाम्या पोटात चार गोधड्या आणि पितळी समया आल्या, कशालाही साधा पोचा नाही. टाकी कोरडी करून ठेवली तर कूलरइतकं भक्कम खोकं नाही. आता तो बाल्कनीत आहे, त्यावर तुळस.

सर्वात महाग पडलं वॉशिंग मशीन. समोरून दार उघडणाऱ्या मशीनचा ड्रम प्रवासात हलू नये म्हणून मागून ट्रान्झिट बोल्ट लावावे लागतात. नवीन मशीन आलं तेव्हा आम्ही ते काढून जपून ठेवले होते. इतके जपून, की निघताना सापडले नाहीत आणि मशीन तसंच आलं. पहिल्याच दिवशी पिळायला लागल्यावर ते थरथरत बाथरूमच्या दाराकडे चालू लागलं, आणि सासूबाईंनी प्लग काढेपर्यंत अर्धं बाहेर आलं होतं. शॉक अॅब्झॉर्बर बदलावे लागले. ज्यांच्याकडे असं मशीन आहे त्यांनी खोकी विकत आणण्याआधी हे बोल्ट शोधावेत.

पावसाळ्याबद्दल एक. रिकामी खोकी मोडून माळ्यावर ठेवलेली अजून कडक आहेत. बाल्कनीत राहिलेली जूनमध्येच मऊ पडली, त्यांना कसर लागली, ती रद्दीत दिली. पुस्तकं खोक्यातच ठेवून देणाऱ्यांनी कोकणपट्टीत तरी हे लक्षात ठेवावं.

शेवटचं खोकं ‘इतर’मधलंच होतं, पलंगाखाली राहून गेलेलं. त्यात मुलीचे लहानपणचे बूट, देवघराची जुनी घंटी आणि एका बिस्किटाच्या डब्यात ते चार बोल्ट. घराचा करार अकरा महिन्यांचा आहे, त्यातले तीन राहिलेत. बोल्ट पिशवीत घालून मशीनच्या पाठीला टेपने चिकटवले आहेत, आणि पिशवीवर सासूबाईंनी पूर्ण वाक्य लिहिलं आहे: ‘हे मशीन हलवायच्या आधी लावायचे बोल्ट.’