लिनक्ससाठी लॅपटॉप: ऑफिसातून निघालेला जुना घ्यावा की नवा स्वस्त?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित अपडेट बंद केले. तेव्हापासून आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील अभ्यासिका, शेतकरी गट आणि झेरॉक्सची दुकाने चालवणारे लोक एकच प्रश्न घेऊन येतात: विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली वापरायची ठरले आहे, पण त्यासाठी लॅपटॉप कोणता घ्यावा? बहुतेकांसमोर दोन पर्याय असतात. एक, मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांत काही वर्षे वापरून बाहेर पडलेला आणि तपासून पुन्हा विकला जाणारा, ज्याला बाजारात रिफर्बिश्ड म्हणतात तो लॅपटॉप. दुसरा, तालुक्याच्या दुकानात हप्त्यांवर मिळणारा नवा स्वस्त लॅपटॉप. गावात वापरायचा असेल तर मी जुन्याच्या बाजूने आहे, मात्र सरसकट नाही.

लोक तुलना प्रोसेसरपासून सुरू करतात. लिनक्सच्या बाबतीत ती वाय-फायच्या चिपपासून सुरू करावी, कारण आपल्याकडे इंटरनेट म्हणजे बहुतेक वेळा मोबाईलचा हॉटस्पॉट असतो आणि वाय-फाय चालले नाही तर उरलेला लॅपटॉप कितीही चांगला असला तरी कामाचा राहत नाही. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर (उपकरणे चालवणारी सॉफ्टवेअर) कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच असतात. कार्यालयीन लॅपटॉपमध्ये बहुधा इंटेलची वाय-फाय चिप असते आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये अनेक वर्षांपासून असल्यामुळे वेगळे काहीच करावे लागत नाही. नव्या स्वस्त लॅपटॉपमध्ये रिअलटेक किंवा मीडियाटेकची चिप असण्याची शक्यता जास्त. या चिपा वाईट नाहीत. प्रश्न कर्नल किती नवा आहे याचा असतो. उदाहरणार्थ, रिअलटेकच्या ८८५२बीई या चिपचा ड्रायव्हर कर्नल ६.२ मध्ये आला. लिनक्सच्या निरनिराळ्या आवृत्त्या असतात; त्यांपैकी २०२३ साली आलेल्या डेबियन १२ चा कर्नल ६.१ आहे, तर उबुंटू २४.०४ आणि त्यावर आधारलेल्या लिनक्स मिंट २२ चा ६.८. त्यामुळे तोच लॅपटॉप डेबियन १२ मध्ये वाय-फाय दाखवत नाही आणि मिंटमध्ये पहिल्याच मिनिटाला दाखवतो. नवा लॅपटॉप घेणाऱ्याने म्हणूनच नव्या कर्नलची आवृत्ती निवडावी. जुन्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची चिप निघाली, तर तिचा ड्रायव्हर बहुधा वेगळा उतरवून घ्यावा लागतो, आणि उतरवायला इंटरनेट लागते, जे याच चिपवर अडलेले असते. ही गाठ मोबाईलच्या साध्या डेटा केबलने सुटते: अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्यातील यूएसबी टेदरिंग सुरू केले की लिनक्सला बहुधा कोणत्याही वेगळ्या ड्रायव्हरशिवाय इंटरनेट मिळते.

दुसरा मोठा फरक लाइनचा आणि उन्हाळ्याचा आहे. २०१८ च्या सुमारास आलेले थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ७४९० किंवा एचपी एलिटबुक ८४० जी५ हे लॅपटॉप आजही मिंट आरामात चालवतात. त्यांची रॅम स्लॉटमध्ये बसते, म्हणजे ८ जीबीची १६ जीबी गावातल्या गावात करता येते. टी४८० मध्ये एक बॅटरी आत आणि एक बाहेरून काढता येणारी असते, त्यामुळे लॅपटॉप बंद न करता बाहेरची बॅटरी बदलता येते. दुपारभर लाइन नसलेल्या अभ्यासिकेत या सोयीची किंमत कळते. मी मे महिन्यात एका जिनिंगजवळच्या खोलीतला असाच एक लॅपटॉप उघडला, तेव्हा पंख्यामागच्या जाळीवर रुईचा करडा थर इतका घट्ट बसला होता की हवा बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. मागचे स्क्रू काढून साध्या ब्रशने तो पंधरा मिनिटांत स्वच्छ झाला. नव्या स्वस्त लॅपटॉपमध्ये रॅम अनेकदा बोर्डवरच डाखलेली असते, म्हणून खरेदीच्या दिवशी जेवढी घ्याल तेवढ्यावरच पुढची सगळी वर्षे काढावी लागतात.

नव्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्याची बॅटरी ताजी असते, वॉरंटी साधारण वर्षाची असते, आणि जुन्यावर ती काही महिन्यांचीच मिळते. दुरुस्तीसाठी नागपूरला फेरी मारणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी हा मुद्दा लहान नाही. नवा घेताना एक अडचण मात्र लक्षात ठेवावी: काही इंटेल लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, व्हीएमडी किंवा रेड ही सेटिंग चालू असते आणि त्यामुळे लिनक्स टाकताना डिस्क दिसतच नाही. ती सेटिंग बदलली की डिस्क दिसते. पण लॅपटॉपमध्ये विंडोजही ठेवायचे असेल तर आधी माहिती दुसरीकडे साठवून घ्यावी.

जुळवलेला डेस्कटॉप खोलीत इन्व्हर्टर असेल तरच घ्यावा, आणि त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड घालू नये. इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरमधील ग्राफिक्सचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात आणि कार्यालयीन कामाला ते पुरतात. रास्पबेरी पाय हा एका छोट्या बोर्डवरचा संगणक वीज कमी खातो, शिकवायला उत्तम आहे, पण टिनाच्या छपराखाली त्याला पंखा लागतो आणि त्याचा प्रोसेसर वेगळ्या प्रकारचा असल्याने प्रत्येक सॉफ्टवेअर त्यावर मिळत नाही.

प्रिंटरचा विचार लॅपटॉपच्या आधी करावा, असे मी आता सांगू लागलो आहे. सातबारा आणि अर्ज छापणाऱ्या माझ्या परिचयातील एका दुकानात लॅपटॉप उत्तम चालला आणि जुना लेझर प्रिंटर आठवडाभर अडून राहिला, कारण तो फक्त त्याच्या कंपनीच्या स्वतःच्या भाषेतच आज्ञा घेत होता. एचपीच्या बहुतेक प्रिंटरसाठी एचपीएलआयपी हे सॉफ्टवेअर लिनक्समध्ये मिळते. मात्र पी१००७, पी१००८ यांसारख्या काही जुन्या लेझर प्रिंटरना जास्तीचे प्लगइन उतरवावे लागते, ते नेटवर्क चांगले असताना आधीच करून घ्यावे. नवा प्रिंटर घेत असाल तर खोक्यावर एअरप्रिंट लिहिलेले पाहा. असे प्रिंटर सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. ज्यांचे काम आधारच्या अंगठ्यावर चालते, त्यांनी मात्र त्या कामासाठी एक विंडोज यंत्र ठेवावे, कारण बोटांच्या ठशांच्या उपकरणांसाठी लागणारी आरडी सेवा मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळते. लॅपटॉपमध्ये बसवलेला ठसे वाचणारा भागही लिनक्समध्ये अनेकदा चालत नाही; टी४८० मधलाही थेट चालत नाही.

दुकानात जाताना मिंट टाकलेला पेन ड्राइव्ह सोबत न्यावा आणि दुकानदाराला नम्रपणे सांगून लॅपटॉप त्यावरून सुरू करावा. यात आतल्या डिस्कला हात लागत नाही. आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट यादीत दिसतो का ते पाहावे, आवाज ऐकावा, कॅमेरा उघडावा, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करून पाहावा. मग झाकण लावून दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा उघडावे. झोपेतून उठल्यावर वाय-फाय परत जोडले गेले नाही, तर तो लॅपटॉप तसाच परत द्यावा आणि त्याच काउंटरवर पुढचा मागावा.