वडगावच्या मागावरून कॅम्पातल्या कॉन्व्हेंटपर्यंत: एका आईचा अनुभव

ॲडमिशनचे दिवस जवळ आले की आमच्या गल्लीत एकच विषय असतो. पाण्याच्या रांगेत, किराणा दुकानात, कुणाच्या बारशाला गेलं तरी विचारतात, "तुमच्या पोरीची शाळा कशी आहे हो? आमच्या धाकटीला घालावी काय?" उभ्याउभ्या सांगताना निम्मं राहून जातं. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढते. शाळेचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण खाली माझ्या तक्रारीही आहेत. ज्यांना विचारायचं आहे त्यांना माझं घर माहीत आहे.

आम्ही बेळगावातल्या वडगावचे. घरात दोन माग, साडीचं काम. शहापूर-वडगावच्या साडीला पूर्वीपासून नाव आहे, पण आता त्या नावावर घर किती चालतं ते इथल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. मी स्वतः मराठी शाळेत दहावी झाले. लेक पहिलीपासून कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातल्या, सिस्टरांच्या शाळेत आहे, आता पाचवीत. इंग्रजी माध्यम, कर्नाटक राज्याचा बोर्ड, फक्त मुली.

आधी भाषेचं सांगते, कारण आपल्या लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो. मराठी हा विषय या शाळेत नाही. इंग्रजी पहिली भाषा, कन्नड दुसरी, पुढं हिंदी. २०१५ च्या राज्य कायद्यानं कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून घ्यावीच लागते, तेव्हा ती सगळ्याच शाळांत आली. मला भीती होती की पोरगी तिथंच अडकेल. बाजारापुरतं कन्नड मी बोलते, शेजारची अक्का कन्नडच बोलते, पण लिहायला-वाचायला आमच्या घरात कुणालाच येत नव्हतं.

दुसरीत असताना तिच्या वहीत एकच चूक सारखी लाल व्हायची. आपल्या गावाचं नाव. कन्नडमध्ये 'ए' दोन आहेत, एक आखूड आणि एक लांब. आपल्या मराठीत एकच. त्यामुळं पोरगी 'बेळगावी'तला 'बे' लांब लिहायची, आणि तिथं तो आखूड लागतो. तिच्या कन्नड टीचरनी रागावण्याऐवजी टाळीचा खेळ काढला. आखूड अक्षराला एक टाळी, लांब अक्षराला दोन. वर्गात निम्म्या पोरी मराठी घरच्या, सगळ्यांची चूक तीच. आठवडाभर आमच्या घरात जेवताना टाळ्या चालल्या होत्या. त्याच टीचरनी पोरींकडून दोन्ही भाषांतले सारखे शब्द गोळा करून घेतले. अक्का, अण्णा दोन्हीकडं तेच. आपलं तूप, त्यांचं तुप्प. आपली ताई म्हणजे मोठी बहीण, त्यांची तायी म्हणजे आई. हे कळल्यावर पोरगी दोन दिवस मला ताई म्हणून हाक मारत होती. 'ळ' लिहायला-म्हणायला मराठी पोरींना काही सांगावंच लागलं नाही, तो आपला घरचाच आहे.

तिच्याबरोबर मीही अक्षरं गिरवली. मागच्या पावसाळ्यात सीबीटीवर, म्हणजे मोठ्या बस स्टँडवर, उभी होते, गर्दी होती, विचारायला कुणी नव्हतं, आणि बसवरची कन्नड पाटी मी स्वतः वाचली: वडगाव. चाळीस वर्षं या गावात राहून पहिल्यांदा. माझ्यासाठी या शाळेची फी त्या दिवशी वसूल झाली, असं मी आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं, आणि ते मला खरंच तसं वाटतं.

आता ज्यासाठी मी या शाळेला मानते ते सांगते. डिसेंबरात नाताळच्या सुट्टीआधी पाचवीच्या वर्गानं प्रदर्शन केलं. विषय होता घरचा धंदा. प्रत्येकीनं आपल्या घरी काय काम चालतं ते आणून दाखवायचं आणि समजावून सांगायचं. वर्गात डॉक्टरांच्या पोरी आहेत, लष्करातल्या लोकांच्या आहेत, सोनाराची आहे. आमची घरी येऊन गप्प बसली. रात्री म्हणाली, "आई, आपलं काय दाखवू? नुसता आवाज तर असतो." मला लागलं ते. पण मी काही बोलले नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी वर्गाच्या सिस्टर आमच्या दारात उभ्या. मंगळूरकडच्या आहेत, मराठी मोडकंतोडकं बोलतात. माग चालू असताना आत आल्या, कानाला हात लावला नाही, तोंड वाकडं केलं नाही. रहाटाजवळ माझ्या शेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मला पण शिकवा." पहिली कांडी, म्हणजे सूत गुंडाळायची नळी, त्यांची सैल भरली, दुसरी जमली. ती दुसरी कांडी आम्ही धोट्यात, म्हणजे मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या लाकडी होडीत, घातली आणि तिच्यावर साडीचा बोटभर भाग विणला. पोरगी दारातून बघत होती. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी विधानसभेच्या अधिवेशनाच्या बंदोबस्तामुळं रिक्षा फिरून फिरून गेली, पोचायला उशीर झाला. टेबलावर आम्ही मांडलं: एक जुना धोटा, सहा कांड्या, तुटलेल्या फणीचा तुकडा, आणि लाकडी चौकटीवर ताणलेला थोडा ताणा. उभे धागे वरखाली झाले की मधून वाट उघडते, त्या वाटेतून धोटा पळतो, मागं बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा सोडत जातो, मग फणी तो ठोकून बसवते. हे मी मराठीत सांगायचे, पोरगी इंग्रजीत आणि कन्नडमध्ये सांगायची. दोन तास उभ्या होतो. एका सैनिकाची बायको, बहुतेक उत्तरेकडची, तिनं धोटा हातात घेऊन त्याची पोलादी टोकं बोटानं चाचपली आणि किती वेळ परत ठेवलाच नाही.

आणि तिथं माझ्या पोरीनं मला न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. धोट्याला बाजूला बारीक भोक असतं, त्यातून कांडीचा धागा बाहेर काढावा लागतो. आमच्याकडं सगळे ते भोक तोंडाला लावून धागा ओढून घेतात. माझे सासरे तसंच करायचे, मालक तसंच करतात, मीही केलं आहे. पोरीनं सिस्टरांबरोबर वाचलं होतं की पूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांतही असंच करायचे, आणि त्यानं सुताची धूळ नि रंग छातीत जातात, एकाचा आजार दुसऱ्याला लागतो. तिनं खिशातून वाकवलेली तार काढली आणि लोकांसमोर त्या हुकानं धागा ओढून दाखवला. "तोंडानं ओढायचा नाही," असं तिन्ही भाषांत म्हणाली. मालक मागं उभे होते. आता आमच्या दोन्ही मागांवर सुतळीनं बांधलेला एकेक हुक लोंबतो. मालक अधूनमधून विसरतात, मग ती आतून ओरडते.

धर्माचं विचारता, तेही स्पष्ट सांगते. कॅथलिक मुलींचा धर्माचा तास वेगळा असतो. बाकीच्या मुलींना त्या वेळी मूल्यशिक्षण. सकाळची प्रार्थना सगळ्यांची. माझी पोरगी ती प्रार्थना म्हणते आणि संध्याकाळी आजीजवळ बसून शुभंकरोतीही म्हणते. पाच वर्षांत कुणी आम्हाला दुसरं काही सुचवलेलं नाही. गणपतीला, दसऱ्याला सुट्टी असते. २०२५ मध्ये ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. आपल्या मिरवणुका दुसऱ्या दिवसापर्यंत चालतात, पोरं झोपेतच होती. लगेच ८ तारखेला मारियामातेचा जन्मदिवस. कॅथलिक लोक त्याआधी नऊ दिवस मुलांकडून तिला फुलं वाहून घेतात. पोरीनं गणपतीच्या मखरासाठी आणलेल्यातली उरलेली शेवंती नेली. येताना सिस्टरांनी दिलेली भाताची एक लोंबी घेऊन आली. मंगळूरकडं त्या दिवशी नव्या भाताला आशीर्वाद देऊन घरी नेतात म्हणे. माझ्या सासूबाई बेळगुंदीकडच्या, भातशेतीत वाढलेल्या. त्यांनी लोंबी हातात घेतली, दाणा दाबून बघितला, "अजून दूध भरतंय," म्हणाल्या, आणि देव्हाऱ्यात ठेवली. अजून तिथं आहे.

२०२५ च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा व्हरांड्यातला पोपचा फोटो बदललेला होता. पोप फ्रान्सिस २१ एप्रिलला गेले आणि ८ मे रोजी पोप लिओ चौदावे निवडून आले. शाळेला सुट्टी होती तेव्हाच. पण सामाजिक शास्त्राच्या टीचरनी त्यावर अख्खा तास घेतला: मतदान कसं होतं, पांढरा धूर म्हणजे काय, काळा म्हणजे काय. नकाशावर रोम, मग अमेरिका, कारण ते तिथले पहिलेच पोप, मग पेरू, कारण तिथं त्यांनी बरीच वर्षं काम केलं आणि बिशपही होते. पोरीनं घरी नकाशा उघडून आजोळच्या पाहुण्यांना हे सगळं सांगितलं. कॅथलिक लोकांचं ज्युबिली वर्षही होतं, पंचवीस वर्षांनी येतं ते. त्यानिमित्त वर्गात दर शुक्रवारी मूठभर तांदूळ आणायचा नियम केला होता. साठलेले तांदूळ मुलींनी स्वतः वृद्धाश्रमात नेऊन दिले. मोठ्या घरची असो नाहीतर आमच्यासारखी, तांदूळ प्रत्येकीचा एक मूठच. हे मला फार आवडलं.

आता तक्रारी.

पहिली, पालकांशी बोलण्याची. सगळ्या सूचना मोबाईलवर इंग्रजीत येतात. तिसरीत असताना पालकसभेची वेळ बदलली, तो निरोप मला वाचता आला नाही, मी सभा संपल्यावर पोचले. दुसऱ्या एका सभेत मी मराठीत प्रश्न विचारला तर एका टीचरनी सांगितलं, इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये विचारा. मी खाली बसले. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू. नंतर मोठ्या सिस्टरांना भेटून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, माफी मागितली, आणि आता सभेला मराठी येणाऱ्या एक टीचर बसतात. पण सूचना अजून इंग्रजीतच आहेत. ज्या शाळेत निम्म्या मुली मराठी घरच्या आहेत तिथं दोन ओळी मराठीत लिहिणं अवघड नाही.

दुसरी, वाचनालयात मराठी पुस्तक एकही नाही. विषय नाही हे समजू शकते. पण गोष्टीची पुस्तकं तरी ठेवता येतात. दोनदा अर्ज दिला आहे, तिसरा देणार आहे. तोवर पोरीचं मराठी वाचन घरीच. तुम्ही मुलीला घालणार असाल तर हे आधीच धरून चाला, रोज अर्धा तास तुम्हालाच बसावं लागेल, नाहीतर ती पत्रिकेवरचं स्वतःचं नावही अडखळत वाचेल.

तिसरी, युनिफॉर्म. ठरवून दिलेल्या एकाच दुकानातून घ्यायचा. कापड विणणाऱ्या घरात राहते, त्यामुळं हात लावताच कळतं. पॉलिस्टर जास्त, सूत कमी, वीण विरळ. दोन धुण्यांत काखेत गोळे आले आणि पिनोच्या, म्हणजे वरच्या बिनबाह्यांच्या फ्रॉकच्या, शिवणीत धागे सरकले. तेवढ्या पैशात दुप्पट चांगलं कापड मिळतं. पावसात मात्र लवकर वाळतं, आणि बेळगावच्या जुलैत ती गोष्ट लहान नाही, हे मान्य.

फीचं. अल्पसंख्याकांच्या शाळांना आरटीई, म्हणजे शिक्षणहक्काचा कायदा, लागू नाही, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तसा निकाल दिला. त्यामुळं आरटीईची फुकट जागा इथं मिळणार नाही, त्या आशेवर अर्ज करू नका. पण हप्ते करून देतात. मागच्या मंदीत आमचे दोन हप्ते थकले होते. पोरीला वर्गात कुणी एका शब्दानं बोललं नाही, मला बोलावून घेऊन दार लावून विचारलं. अशी वागणूक मी दुसरीकडं नातेवाइकांच्या बाबतीत बघितलेली नाही.

पाचातले किती गुण द्याल असं विचाराल तर चार. एक गुण मी मराठी सूचनांसाठी आणि वाचनालयातल्या मराठी पुस्तकांच्या त्या रिकाम्या फळीसाठी राखून ठेवला आहे, ते झालं की देईन.

फॉर्म घ्यायला सकाळी लवकर जा, उन्हं चढली की रांग गेटबाहेर येते. जन्माचा दाखला, आधार, जातीचा दाखला आणि सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स घरूनच काढून न्या, तिथं जवळ दुकान नाही. गेटवरचे मामा कंग्राळीचे आहेत. त्यांना मराठीत विचारा, ते ऑफिसच्या दारापर्यंत नेऊन सोडतात.