बॉयलर तोच, जोडणी नवी: जमिनीखालच्या गरम पाण्यावर काढलेले दोन हिवाळे

मिनीआपोलिसजवळच्या आमच्या घरातला गरम हवेचा फर्नेस आम्ही २०२३ च्या उन्हाळ्यात काढून टाकला. त्याच्या जागी तळघरात भिंतीला टांगलेला गॅसचा कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेचीही उष्णता वापरणारा) आला आणि तिन्ही मजल्यांच्या जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरल्या. आता दोन हिवाळे पूर्ण झालेत. पहिल्यात डोक्याला नुसता ताप झाला. दुसऱ्यात घर असं उबदार झालं की आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी बूट काढतो आणि मग मोजेही काढतो. दोन्ही हिवाळ्यांत बॉयलर एकच होता. मधल्या उन्हाळ्यात बदलली ती फक्त त्याच्याभोवतीची पाइपांची जोडणी. म्हणून कोणत्या कंपनीचा घेतला असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, तुमच्याकडे पाइप कोण जोडणार आहे?

आधी घराबद्दल थोडं. तळघर मागच्या बाजूने उघडं आहे, तिथे एक खोली आणि न्हाणीघर. ती जमीन आम्ही उखडून नवीन केली: खाली दोन इंच जाडीचे फोमचे तक्ते, त्यावर जाळी, जाळीला बांधलेली अर्ध्या इंची पेक्सची (एक प्रकारचं प्लॅस्टिक) नळी आणि वरून काँक्रीट. इथे याला स्लॅब म्हणतात. आपल्याकडे स्लॅब म्हटलं की छप्परच डोळ्यांसमोर येतं, म्हणून मी घरी कोबाच म्हणते. मधल्या आणि वरच्या मजल्याला लाकडी जमीन आहे, तिथे नळ्या फळ्यांच्या खालच्या बाजूने ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत बसवल्या. काँक्रीट ओतताना नळ्यांमध्ये हवेचा दाब भरून ठेवला होता आणि मी तासातासाला काटा पाहून येत होते. फावड्याचा एखादा घाव नळीला बसला तर काटा पडतो आणि काँक्रीट ओलं असतानाच कळतं. एकदा ते सुकलं की मग छिन्नी-हातोडाच. नळी घेताना ऑक्सिजन रोखणारा थर असलेलीच घ्यायची. तो नसेल तर प्लॅस्टिकमधून हवेतला ऑक्सिजन आत झिरपत राहतो आणि लोखंडी पंप आतून गंजतात.

आता पहिला हिवाळा. ऑक्टोबरात यंत्रणा सुरू झाली आणि आठवड्याभरात वरच्या मजल्यावर रात्री पाइप गुळगुळ वाजू लागले. ठेकेदाराचा माणूस यायचा, हवा काढायचा, दोन दिवस शांतता, की पुन्हा तेच. त्यात वरच्या दोन खोल्यांपैकी एक थंडगार, तर दुसरीत थर्मोस्टॅट बंद करूनही ७८ फॅरनहाइट. मधल्या मजल्यावर ओकच्या फळ्यांमध्ये फटी पडायला लागल्या. सगळ्यात वाईट वाटायचं ते बॉयलरचं. तो पेटायचा, दोन मिनिटांत विझायचा, पुन्हा पेटायचा. त्याच्या पडद्यावर किती वेळा पेटला याचा आकडा असतो. नोव्हेंबरातल्या एका दिवसाचा हिशेब मी काढला, तर तो १३६ वेळा पेटला होता.

ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं होतं, नवीन सिस्टिम आहे, बसेल हळूहळू. मार्चपर्यंत काहीही बसलं नाही. शेवटी आमच्या मराठी मंडळातल्या एका ताईंनी एक म्हातारे प्लंबर सुचवले. उभं आयुष्य फक्त गरम पाण्याच्या हीटिंगमध्ये काढलेले गृहस्थ. ते आले, पाऊण तास भिंतीसमोर गप्प उभे राहिले, एकेका पाइपला हात लावून पाहिला आणि मग फ्रिजच्या जुन्या खोक्याचा पुठ्ठा मागून त्यावर पेन्सिलने आमची जोडणी काढली. त्यांनी मला जे समजावलं ते इथे नीट लिहिते, कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर एक अख्खा हिवाळा वाचला असता.

पहिली चूक पंप आणि एक्स्पान्शन टाकीच्या जागेची. पाणी तापलं की फुगतं, त्या फुगवट्याला जागा म्हणून ही टाकी असते. आत रबरी पडदा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. पंप चालू असो वा बंद, ही टाकी जिथे जोडलेली असते तिथला दाब बदलत नाही. आमचा वरच्या मजल्याचा पंप परतीच्या लाइनवर होता आणि टाकीच्या दिशेने ढकलत होता. म्हणजे पंपाच्या पुढचा दाब टाकीने धरून ठेवलेला, तेव्हा जो काही फरक पडणार तो मागे, पाणी खेचण्याच्या बाजूला. आता हिशेब बघा. तळघरात दाब १२ पीएसआय (दाब मोजायचं इथलं एकक). वरचा मॅनिफोल्ड, म्हणजे त्या मजल्याच्या सगळ्या नळ्यांना पाणी वाटणारा पाइप, वीस फुटांवर. दर २.३१ फुटांना एक पीएसआय कमी होतो, म्हणजे वर पोहोचेपर्यंत साधारण साडेआठ गेले आणि उरले साडेतीनच्या आत. पंप सुरू झाला की परतीच्या बाजूला तो आणखी पाच-सहा खेचणार. दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली! मग वरची हवा काढायची जी छोटी तोटी होती, तीच उलट हवा आत ओढत होती. माणूस येऊन हवा काढून जायचा आणि पंप ती पुन्हा भरायचा.

दुरुस्ती ऐकायला अगदी साधी आहे. पंप जाणाऱ्या लाइनवर घेतले, त्यांच्या अलीकडे हवा वेगळी करणारं भांडं, आणि त्या भांड्याच्या बुडाला टाकी. आता पंप टाकीकडे पाठ करून ढकलतो आणि त्याने वाढवलेला दाब घरभर मिळतो. बुडबुडेही सर्वांत गरम पाण्यातून, बॉयलरमधून बाहेर पडल्या पडल्या पकडले जातात. त्या दिवसापासून वरचे पाइप वाजलेले नाहीत.

दुसरी चूक टींची, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारख्या तीन तोंडांच्या जोडांची. बॉयलरचं स्वतःचं एक छोटं चक्र असतं, स्वतःच्या पंपाचं, आणि घराची चक्रं त्याला दोन-दोन टींनी जोडलेली असतात. हे दोन टी एकमेकांना अगदी खेटून हवेत, पाइपाच्या व्यासाच्या चौपटीपेक्षा जास्त अंतर नको. एक इंची पाइपाला चार इंच. टी इतके जवळ असले की दोन्हीकडचा दाब जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे बॉयलरचा पंप घराच्या चक्रात पाणी ढकलू शकत नाही. तिथे पाणी हलायचं तर त्या चक्राचाच पंप सुरू व्हायला हवा. आमच्याकडे या दोन टींमध्ये दीड फूट पाइप आणि दोन एल्बो (वळणाचे जोड) होते. तळघरासाठी बॉयलर पेटला की वरच्या मजल्याचा पंप बंद असूनही गरम पाणी गुपचूप वर सरकायचं. त्या प्लंबर आजोबांनी माझा हात धरून त्या पाइपवर ठेवला. पंप बंद होता, त्याचा दिवाही बंद होता, आणि पाइप चटका बसेल इतका गरम. ७८ फॅरनहाइटच्या खोलीचं कोडं तिथेच सुटलं.

तिसरी चूक मला सर्वांत जास्त लागली, कारण तिने माझी जमीन खराब केली. कोब्याला ९५ ते १०५ फॅरनहाइटचं पाणी पुरतं. फळ्यांखालच्या नळ्यांना कडक थंडीत १३० च्या आसपास लागतं. आमच्याकडे सरसकट सगळीकडे १४० सोडलेलं होतं. जमिनीचा पृष्ठभाग ८५ च्या वर, म्हणजे साधारण २९ सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचा नसतो. पायालाही ते सोसत नाही आणि लाकूड तर सुकून आकसतंच. आता कोब्याच्या लाइनवर मिक्सिंग व्हॉल्व्ह आहे, तो परतीचं थंड पाणी मिसळून हवं तेवढंच कोमट पाणी खाली सोडतो. वरच्या पाण्याचं तापमान बाहेरच्या थंडीप्रमाणे बॉयलर स्वतः ठरवतो. उत्तरेच्या भिंतीवर त्याचा एक छोटा सेन्सर आहे, बाहेर उबदार असेल तर पाणी कोमट, गारठा वाढला तर पाणी गरम. हा सेन्सर बॉयलरच्या खोक्यात पहिल्या दिवसापासून पडून होता. कुणी जोडलाच नव्हता.

थंडगार खोलीचं कारण वेगळं निघालं. अर्ध्या इंची नळीचा एक फेरा ३०० फुटांच्या आत ठेवायचा असतो, त्या खोलीचा फेरा ४०० च्या पुढे गेला होता. छत फोडल्याशिवाय तो दुरुस्त होणार नव्हता, म्हणून बाकीच्या फेऱ्यांचे व्हॉल्व्ह थोडे आवळून पाणी तिकडे वळवलं. मॅनिफोल्डवर प्रत्येक फेऱ्याला काचेच्या नळीत लाल खूण असते, मिनिटाला किती गॅलन वाहतंय ते दाखवणारी. हिशेब सोपा आहे: मिनिटाचे गॅलन गुणिले ५०० गुणिले जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यातला फॅरनहाइटचा फरक, की ताशी बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक) मिळतात. दहा अंशांच्या फरकाने १२,००० बीटीयू हवे असतील तर २.४ गॅलन, चार फेऱ्यांत वाटले की प्रत्येकी ०.६. रविवारी सकाळी मी आणि माझी लेक वही घेऊन बसलो आणि सगळे फेरे असे लावले. ती खोली अजूनही बाकीच्यांपेक्षा दोन अंश गार असते.

बॉयलरच्या सततच्या पेटण्या-विझण्याचं काय? २०२३-२४ चा हिवाळा ट्विन सिटीजच्या (मिनीआपोलिस आणि सेंट पॉल ही जोडशहरं) नोंदींतला सर्वांत उबदार. लोक म्हणायचे, बरं झालं, तुमची नवीन सिस्टिम आहे, थंडी कमी आहे. खरं तर बॉयलरला जाच होतो तो अशाच दिवसांत. आमचा बॉयलर ८०,००० बीटीयूचा आहे, कमीत कमी ८,००० पर्यंत खाली येतो. तळघरातल्या न्हाणीघराला स्वतंत्र थर्मोस्टॅट दिला होता आणि त्याची भूक हजार-बाराशेची. त्याने मागितलं की बॉयलर आठ हजाराने पेटणार, पाणी लगेच तापणार, विझणार. आता न्हाणीघर शेजारच्या खोलीच्याच थर्मोस्टॅटवर घेतलंय आणि सेन्सरमुळे पाणीही बेताचंच तापतं. तशाच सौम्य दिवशी हल्ली तो दिवसभरात २० वेळांच्या आसपास पेटतो. ठेकेदार सुरुवातीला १,१०,००० बीटीयूचा बॉयलर लावायचा आग्रह धरत होता, थंडीत कमी पडायला नको म्हणून. उष्णतेच्या हिशेबात आमचं घर कडाक्याच्या दिवशीही ४६,००० च मागत होतं. मी नाही म्हटलं आणि त्या निर्णयाचं मला आजही समाधान आहे.

जानेवारी २०२५ मधल्या कडाक्याच्या आठवड्यात आई इथे होती. मागच्या अंगणातल्या थर्मामीटरवर उणे १८ फॅरनहाइट, म्हणजे उणे २८ सेल्सिअस. मिरजेहून आलेली, गुडघे दुखणारी आई तळघरातल्या कोब्यावर अनवाणी उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, उन्हात सारवलेल्या अंगणात उभं राहिल्यासारखं वाटतंय." मग बॉयलर बघायला आली. झाकण काढून मी तिला आतलं दाखवलं: मधे जाळ, भोवती पाणी. "म्हणजे आपला बंबच की!" तिच्या माहेरी तांब्याचा बंब होता, मधल्या नळीत शेंगांची टरफलं आणि गोवऱ्या टाकून पेटवायचा. फरक इतकाच की बंबाचा धूर वरून निघून जायचा. इथे जमिनीतून परत येणारं पाणी १३० फॅरनहाइटपेक्षा गार असतं, तेव्हा धुरातली वाफ आतच निवून तिचं पाणी होतं आणि ती स्वतःची उष्णता देऊन जाते. म्हणून याचं धुराडं प्लॅस्टिकचं असूनही चालतं. हे वाफेचं पाणी आम्लधर्मी असतं, ते संगमरवराच्या खडीच्या नळीतून गाळून मोरीत सोडलंय. कडाक्याच्या दिवशी चांगली बादलीभर निघतं. आईने दुसऱ्या दिवसापासून न्हाणीघराच्या कोपऱ्यात इडलीच्या पिठाचं पातेलं ठेवायला सुरुवात केली. या घरात आठ वर्षांत पहिल्यांदा जानेवारीत पीठ रात्रीत फुगून झाकणाला लागलं.

त्याच आठवड्यात एक प्रसंगही आला. रात्री वाऱ्याने बर्फाचा ढीग भिंतीशी साचला आणि बॉयलरची हवा घेणारी नळी बुजली. बॉयलर सुरक्षेसाठी स्वतःच बंद पडला, पहाटे मी फावडं घेऊन बाहेर. कोबा गरमच होता, तोवर घर फक्त तीन अंश उतरलं होतं. बाहेरच्या दोन्ही नळ्यांची तोंडं अपेक्षित बर्फाच्या थराच्या किमान एक फूट वर हवीत, आमची जमिनीपासूनच जेमतेम दीड फुटावर होती. आता ती एल्बो लावून वर नेलीत. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म मात्र पहिल्या दिवसापासून प्रत्येक मजल्यावर आहेत, त्यात तडजोड करू नका.

तक्रारी उरल्यात. कोबा तापायला तास लागतात आणि निवायलाही, म्हणून रात्री तापमान उतरवून सकाळी चढवायची सवय सोडावी लागली. मार्चमध्ये दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आलं की जमीन आधीच गरम असते, मग खिडकी उघडायची वेळ येते. उन्हाळ्याच्या गारव्यासाठी वेगळे एसी घ्यावे लागले. जाड गालिचे माळ्यावर गेले. दुसऱ्या जोडणीचा खर्च सगळा पदरचा, पहिल्या ठेकेदाराने काही भरून दिलं नाही. आणि हे काम मनापासून जाणणारे प्लंबर इथेही बोटांवर मोजण्याइतके.

तुम्ही कुणाला काम देणार असाल तर त्यांना आधी कागदावर जोडणी काढायला सांगा. टाकी कुठे, पंप तिच्या कोणत्या बाजूला, टींमध्ये किती अंतर, प्रत्येक फेऱ्याची लांबी किती, प्रत्येक चक्रातली हवा काढायला तोट्या कुठे, बाहेरचा सेन्सर कोण लावणार. जो माणूस हे न चिडता काढून देईल, त्याच्याशी पैशाचं बोला. आजोबांचा तो पुठ्ठा मी बॉयलरशेजारी खिळ्याला अडकवून ठेवलाय. त्यावर एका कोपऱ्यात गॅरेजचं चक्र तुटक रेषेने काढलेलं आहे: वेगळा हीट एक्स्चेंजर (दोन पाणी एकमेकांत न मिसळता उष्णता पुढे देणारा) आणि ग्लायकॉलचं पाणी, गोठू नये म्हणून. त्याच्या दोन नळ्या टोपणं लावून भिंतीतून बाहेर काढून ठेवल्यात. पुढच्या जूनमध्ये ते येणार आहेत.