अंगदुखीवर गोळी, सुई, मलम की शेक?

सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी मेडिकलसमोर संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिले, तर ‘अंग लई ठणकायलंय, चार गोळ्या द्या’ ही मागणी हमखास कानावर पडते. दुकानदार पट्टीतून चार गोळ्यांचा तुकडा कात्रीने कापून देतो आणि औषधाचे नाव पुष्कळदा उरलेल्या पट्टीवरच राहून जाते. त्या तुकड्यात एकतर साधे पॅरासिटामॉल असते, नाहीतर डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखे सूज उतरवणारे औषध, तेही बऱ्याचदा पॅरासिटामॉलसोबत मिसळलेले. यांतले जास्त ‘पॉवरचे’ कोणते, याची चौकशी सगळे करतात. निवड मात्र ताप आहे की नाही आणि अंगात पाणी किती उरले आहे, यावर ठरायला हवी.

ताप नसेल आणि दोन-तीन दिवसांपूर्वी सवय नसलेले कष्ट झाले असतील, तर स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे अंग दुखते. हे दुखणे २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त जाणवते आणि आठवडाभरात आपोआप विरते. त्याला गरम पाण्याचा शेक, हलके चालणे आणि झोप एवढे पुरते. फारच ठणकत असेल तर पॅरासिटामॉल घ्यावे. मुरगळून सुजलेला घोटा किंवा उसण भरलेली कंबर असेल, तर सूज उतरवणाऱ्या गोळीने जास्त आराम पडतो, हे मान्यच करावे लागेल, कारण पॅरासिटामॉल सुजेवर फारसे काम करत नाही. मात्र ही गोळी प्रोस्टाग्लँडिन नावाच्या शरीरातल्याच ज्या द्रव्यांना रोखते, तीच जठराचे अस्तर सांभाळतात आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही टिकवून धरतात. म्हणून दिवसभर उन्हात घाम गाळून, तांब्याभर पाण्यावर राबलेल्या माणसाने रिकाम्या पोटी ती घेणे हा मला सर्वांत वाईट पर्याय वाटतो. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा अल्सर असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. उन्हातल्या कामानंतर पोटऱ्यांत गोळे येत असतील, तर गोळीआधी सावली, विश्रांती आणि ओआरएस.

पॅरासिटामॉलही निर्धोक नाही. प्रौढाने एका वेळी ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, किमान चार तासांच्या अंतराने आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या आत घ्यावे. रोज दारू पिणाऱ्याला, यकृताचा आजार असलेल्याला किंवा वजन फार कमी असलेल्याला ही मर्यादा याहून खाली येते. मिश्र गोळीतले पॅरासिटामॉलही याच हिशेबात धरावे लागते, म्हणून नाव दिसेल असाच तुकडा मागून घ्यावा.

दुखणे एका गुडघ्यापुरते असेल, तर डायक्लोफेनॅकचे मलम वयस्कर माणसाला गोळीपेक्षा बरे, कारण त्यातले फार थोडे औषध रक्तात उतरते. सगळे अंग दुखत असताना मात्र त्याचा उपयोग नाही. सुई घेतली की पोटाला त्रास होत नाही, हा समज दूर व्हायला हवा. दुखण्यावर पुष्कळदा डायक्लोफेनॅकचेच इंजेक्शन दिले जाते. त्याचा गुण लवकर येतो, पण सुईतून घेतले म्हणून जठर वाचत नाही. सुईत स्टेरॉइड असेल तर माणूस दुसऱ्या दिवशी ताजातवाना होऊन कामाला लागतो आणि वारंवार घेतल्यास साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. लेबल नसलेल्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले सापडते.

पावसाळ्यात आणि त्यानंतर अंग मोडून ताप आला, डोळ्यांच्या मागे दुखू लागले, तर हा सगळा हिशेब बदलतो. डेंग्यूची शंका असेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्राव वाढू शकतो आणि कमरेतल्या सुईनेही स्नायूत रक्त साकळू शकते. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (रक्तातले विषाणूचे प्रथिन शोधणारी) आणि त्यानंतर आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधणारी) तपासणी जास्त उपयोगी पडते. ताप उतरला म्हणून निर्धास्त राहू नये, कारण डेंग्यूतला धोका बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, ताप उतरतानाच वाढतो: पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा गुंगी दिसली, तर थेट रुग्णालय गाठावे. चिकुनगुन्यात सांधे आठवडेच नव्हे तर कधी महिनोन्‌महिने धरतात. तिथेही डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत पॅरासिटामॉलवरच थांबावे.

दुखणे महिना-दीड महिना हटत नसेल, तर गोळ्या बदलत बसण्यापेक्षा तपासणीवर खर्च करावा. हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, साखर आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांनी सुरुवात पुरे. मोठ्या ‘फुल बॉडी’ पॅकेजची गरज सहसा नसते. कोलेस्टेरॉलची गोळी नुकतीच सुरू झाली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण कधी तिनेही अंग दुखते. सकाळी बोटे तासभर आखडलेली आणि सुजलेली राहत असतील, तर संधिवाताची तपासणी लांबवू नये.

एक कारण मात्र रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत दिसत नाही. नांदेड जिल्ह्यातील काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आले, तर दात पिवळे-तपकिरी पडतात आणि प्रमाण बरेच जास्त असेल तर पाठ व सांधे आखडत जातात. घरातल्या अनेकांचे दात तसे असतील आणि मोठी माणसे कंबर धरून चालत असतील, तर आधी बोअरचे पाणी तपासून घ्यावे. ते उकळून भागत नाही; पाणी आटते, फ्लोराइड तेवढेच राहते.